प्रायोजक नावाचा मुकादम

बार्शीला बाजारपेठ म्हणून जे महत्त्व आले त्यामागे एका छोट्या रेल्वेचा वाटा मोठा आहे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी धावू लागली, १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली, आणि बालाघाटच्या पायथ्याच्या या मुलखातील कापूस, ज्वारी व तेलबिया मुंबईच्या व त्यापलीकडच्या बाजारांत जाऊ लागल्या. मालाला वाट फुटली. पुढे या गावात कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि खेड्यांतून आलेला तरुण मजूर गिरणी कामगार झाला. त्यानेच पुढे मुलांना शाळेत घातले आणि मुलींना परिचारिकेचे शिक्षण दिले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील बार्शीची गिरणी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीबरोबर थांबली तेव्हा तिच्यातील कामगारांची दुसरी-तिसरी पिढी कामाच्या शोधात होतीच. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्यासारख्यांनी शिक्षणाची जी दारे उघडली त्यातून बाहेर पडलेला हा तरुण वर्ग आज पुण्याच्या पलीकडे, समुद्राच्या पलीकडे पाहू लागला आहे.

या वर्गाच्या बोलण्यात अलीकडे एक शब्द रुळला आहे: ‘स्पॉन्सरशिप’. एस. टी. स्टँडजवळच्या फलकांवर, मोबाइलवरच्या जाहिरातींत, लग्न ठरविण्याच्या बैठकीतसुद्धा हा शब्द ऐकू येतो. ‘मुलाला स्पॉन्सर मिळाला’ हे वाक्य ‘मुलगा सरकारी नोकरीत लागला’ या वाक्याइतक्याच समाधानाने उच्चारले जाते. मराठीत त्याला प्रायोजकत्व म्हणता येईल. नाट्यप्रयोगाला प्रायोजक लाभतो तसा नोकरीलाही लाभतो, असा काहीसा उदार अर्थ या शब्दाला चिकटला आहे. प्रत्यक्षात व्यवहार उलटा आहे. येथे प्रायोजक काही देणारा नसून ज्याच्या मर्जीवर परदेशात राहण्याचा अधिकारच अवलंबून आहे असा मालक आहे. या एका शब्दाच्या पोटात कामगाराच्या स्वातंत्र्याचा जुना प्रश्न नव्या वेषात दडलेला आहे. तो समजून घेणे हे समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्यांचे आजचे कर्तव्य आहे.

परवाना कोणाचा?

परदेशात काम करण्याची परवानगी दोन प्रकारांनी देता येते. पहिल्या प्रकारात ती कामगाराला मिळते. त्याची पात्रता पाहून देश त्याला येऊ देतो आणि मग तो आपले काम शोधतो, बदलतो, सोडतो. दुसऱ्या प्रकारात ती वस्तुतः मालकाला मिळते. सरकार मालकाला परवाना देते, मालक अमुक जागेसाठी अमुक माणसाच्या नावे प्रमाणपत्र काढतो, आणि त्या प्रमाणपत्राच्या आधारावर कामगाराला व्हिसा मिळतो. नोकरी गेली की व्हिसाचा आधार जातो. ब्रिटनमध्ये प्रायोजक गमावलेल्या कामगाराला नवा प्रायोजक शोधण्यासाठी साधारणतः ६० दिवस मिळतात. अमेरिकेत एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्यालाही जास्तीत जास्त ६० दिवसांचीच सवलत आहे. दोन महिन्यांत मुलाची शाळा, घराचा करार, डोक्यावरचे कर्ज या सर्वांसह दुसरा मालक सापडला नाही तर परतीचे तिकीट काढावे लागते.

आखाती देशांत हीच व्यवस्था ‘कफाला’ या नावाने अनेक दशके चालली. तेथील ‘कफील’ म्हणजे हमी घेणारा मालक. त्याच्या संमतीविना नोकरी बदलता येत नसे, काही देशांत तर त्याच्या परवानगीविना देश सोडून घरीही येता येत नसे. कतारने जगभरच्या टीकेनंतर २०१८ मध्ये बहुसंख्य कामगारांसाठी देश सोडण्याची परवानगी रद्द केली आणि २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. कायदा बदलला तरी व्यवहार लगेच बदलत नाही हे खरे. तथापि, जी अट काल अपरिहार्य म्हणून सांगितली जात होती ती उद्या काढता येते, एवढे यातून सिद्ध झाले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दुबईतील बांधकामावरचा मजूर, लंडनच्या रुग्णालयातील परिचारिका आणि टेक्सासमधील संगणक अभियंता यांच्या वेतनात आणि राहणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांची दुःखे एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. परंतु तिघांच्या करारात एक कलम समान आहे: मालकाशी भांडण म्हणजे देशाशी भांडण. हेच कलम त्यांना एका वर्गात बसविते.

गिरमिट आणि उचल

महाराष्ट्राला हे कलम अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर कोकणातील कुटुंबे गेली. तिकडे आजही मराठी वंशाचा समाज आहे. ती माणसे ज्या ‘अॅग्रीमेंट’वर अंगठा उठवून गेली त्याचे अपभ्रष्ट रूप ‘गिरमिट’. ठरावीक वर्षे ठरावीक मळेवाल्याकडे काम, आणि करार मोडला तर कामगारावर फौजदारी. या पद्धतीविरुद्ध मध्यवर्ती विधिमंडळात उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये नाताळसाठीची भरती थांबविण्याचा त्यांचा ठराव मान्य झाला. १९१२ मध्ये संपूर्ण गिरमिट पद्धतच रद्द करावी असा ठराव त्यांनी मांडला, तो सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला. भरती थांबली ती १९१७ मध्ये, गोखल्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. ‘माणसे आपल्या राजीखुशीने सही करतात’ हा युक्तिवाद तेव्हाही केला जात होता. ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही त्याच्या संमतीला संमती म्हणायचे काय, हा प्रश्न त्या चळवळीने तेव्हाच विचारला होता.

इतक्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. बार्शी, भूम, परांडा, बीड या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ज्याने पाहिले आहेत त्याला प्रायोजकत्वाचे मर्म पाठ करावे लागत नाही. कोयत्यामागे मुकादम उचल देतो. उचल म्हणजे पुढच्या श्रमावर आज घेतलेले कर्ज. ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, दुसऱ्या कारखान्यावर चांगला दर असला तरी जाता येत नाही, आणि हंगामाअखेर हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. मजुराला बांधून ठेवणारी दोरी लोखंडी साखळीची नसते. ती कर्जाची आणि दुसरीकडे जाण्याच्या मज्जावाची असते.

परदेशी जाणाऱ्या तरुणाच्या बाबतीत या दोन्ही दोऱ्या एकत्र येतात. समजा, बार्शी तालुक्यातील एखादी मुलगी परिचर्येचे शिक्षण पूर्ण करते. येथील कर्करोग रुग्णालयाचा नावलौकिक मोठा आहे, देशातील ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये याच गावी सुरू झाली. अशा गावात रुग्णसेवेचे शिक्षण घ्यावे असे मुलींना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खासगी रुग्णालयातील तुटपुंजा पगार पाहून तिचे वडील पाच एकरांतील दोन एकर गहाण टाकतात. भाषेची परीक्षा, मध्यस्थाची फी, विमानाचे तिकीट, पहिल्या महिन्याचे भाडे. हा तिचा उचलीचा आकडा. पलीकडे पोहोचल्यावर ज्याच्या प्रमाणपत्रावर ती गेली तो तिचा टोळीमालक. त्याने ठरलेल्यापेक्षा कमी तास काम दिले, राहण्याच्या खोलीचे भाडे परस्पर कापले, रात्रपाळी लादली, तर ती कोणाकडे जाईल? तक्रार केली आणि नोकरी गेली तर ६० दिवस. घरी बँकेचा हप्ता. ती गप्प बसते. तिच्या या मौनावरच मालकाचा नफा उभा असतो.

ब्रिटनमधील एक धडा

हे चित्र अतिरंजित आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी ब्रिटनमधील गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहावा. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आणि कोविडच्या साथीनंतर तेथे रुग्णसेवेत व वृद्धांच्या शुश्रूषेत माणसांचा तुटवडा झाला. ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्य व शुश्रूषा कर्मचाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा निघाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धाश्रमांतील व घरोघरच्या शुश्रूषा सेवकांनाही तो खुला झाला. २०२३ या एका वर्षात या प्रकारचे सुमारे १ लाख ४६ हजार व्हिसा मुख्य अर्जदारांना देण्यात आले. त्यांत भारतीयांची संख्या मोठी होती. धोरण असे की परवाना मिळविणे सोपे आणि परवानाधारकांवर देखरेख नाममात्र. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांच्याकडे पुरेसे कामच नव्हते अशा कंपन्यांनी प्रमाणपत्रे काढली. ज्या प्रमाणपत्राची सरकारी फी एप्रिल २०२५ पर्यंत अवघी २३९ पौंड होती, आणि तीही मालकाने भरावयाची, ते प्रमाणपत्र मध्यस्थांमार्फत लाखो रुपयांना विकले गेल्याची प्रकरणे उघडकीस आली. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तेथील सरकारने शुश्रूषा क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द केले.

वरवर पाहता ही मालकांना झालेली शिक्षा होय. परंतु त्या परवान्यांशी जोडलेले कामगार हजारोंच्या संख्येने होते. अपराध मालकाचा आणि निर्वासन कामगाराचे, असा हा न्याय. मालकाचा परवाना जातो तेव्हा त्याचे दुकान बंद होते, कामगाराचे मात्र त्या देशातील अस्तित्वच बेकायदा होऊ लागते. पुढे मार्च २०२४ मध्ये शुश्रूषा सेवकांना कुटुंब सोबत आणण्यास बंदी झाली, २०२४ मध्ये आरोग्य-शुश्रूषा व्हिसांची संख्या सुमारे २७ हजारांवर घसरली, आणि २२ जुलै २०२५ पासून शुश्रूषा सेवकांची परदेशातून नवी भरती बंद करण्यात आली. त्याच दिवसापासून कुशल कामगारांच्या सर्वसाधारण व्हिसासाठी वेतनाची किमान पातळी वर्षाला ४१ हजार ७०० पौंड झाली. एप्रिल २०२४ पूर्वी ती २६ हजार २०० पौंड होती. म्हणजे जो विद्यार्थी २०२३ मध्ये जुने आकडे पाहून कर्ज काढून गेला, तो शिक्षण संपवून नोकरी शोधू लागला तेव्हा उंबरठाच वर उचलला गेला होता. नवोदितांसाठीचा सवलतीचा उंबरठाही ३३ हजार ४०० पौंडांचा आहे. कर्ज मात्र होते तेथेच राहिले.

अमेरिकेची कथा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. १९९० च्या कायद्याने आलेल्या एच-१बी व्हिसाला वर्षाला ६५ हजारांची आणि तेथील उच्च पदवीधारकांसाठी आणखी २० हजारांची मर्यादा आहे. अर्ज त्याहून कितीतरी अधिक, म्हणून गुणवत्तेच्या जोडीला सोडत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा आकार बसविण्याची घोषणा केली. मोठी कंपनी असा आकार कदाचित सोसेल. ग्रामीण रुग्णालय, लहान विद्यापीठ किंवा छोटा कारखाना सोसणार नाही. तो आपल्या जाहिरातीत लिहील की प्रायोजकत्व मिळणार नाही. अर्ज वाचला जाण्यापूर्वीच उमेदवार बाद.

बाजाराची भाषा

या साऱ्याकडे केवळ दैवदुर्विलास म्हणून पाहणे अर्थशास्त्राला मान्य होणार नाही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये अपूर्ण स्पर्धेचे जे विवेचन केले त्यात एक कल्पना मध्यवर्ती होती. ज्याप्रमाणे बाजारात एकच विक्रेता असला की तो किंमत चढवितो, त्याचप्रमाणे श्रमाचा एकच ग्राहक असला की तो मजुरी पाडतो. साधारणपणे अशी स्थिती खाणीच्या किंवा मळ्याच्या गावात आढळते, कारण तेथे दुसरा मालकच नसतो. प्रायोजकत्वाची पद्धत हीच स्थिती लंडनसारख्या महानगरात कायद्याने निर्माण करते. आजूबाजूला शंभर मालक आहेत, पण कामगारापुरता एकच. शेजारच्या रुग्णालयात दोन पौंड अधिक मिळत असले तरी तेथील व्यवस्थापनाकडे परवाना नाही, किंवा परवाना असून कागदपत्रांचा खर्च करण्याची तयारी नाही.

दुसरा परिणाम टंचाईचा आहे. जी गोष्ट परवान्यामुळे दुर्मीळ होते तिला काळ्या बाजारात किंमत येते. साखर-सिमेंटच्या परवान्यांचा काळ ज्या पिढीने पाहिला तिला हे पटवून देण्याची गरज नाही. फरक इतकाच की तेव्हा सिमेंटचे पोते काळ्या बाजारात मिळे आणि आता नोकरी मिळते. कामगार आपले श्रम विकण्यासाठी बाजारात येतो. येथे श्रम विकण्याची परवानगीच त्याला आधी विकत घ्यावी लागते. ‘मुक्त अर्थव्यवस्था’ म्हणून ज्या व्यवस्थेचे गोडवे गायिले जातात तिच्यात भांडवल एका रात्रीत मुंबईहून न्यू यॉर्कला जाते, माल जकातीची भिंत ओलांडतो, फक्त श्रम करणारा माणूस मालकाचे बोट धरल्याशिवाय वेशीतून आत येऊ शकत नाही.

आणि तरीही याच माणसांच्या घामावर देशाचे परकीय चलन उभे आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले, जगातील कोणत्याही देशापेक्षा अधिक. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यातील सर्वांत मोठा हिस्सा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आल्याचे दिसते. पैसा येतो त्याचा सत्कार होतो. तो पाठविणाऱ्याच्या करारात काय लिहिले आहे, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

संरक्षणाची भोके

भारतात या विषयावरचा प्रमुख कायदा म्हणजे १९८३ चा उत्प्रवासन कायदा. त्याने भरती करणाऱ्या मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली. नियमांनी मध्यस्थाच्या सेवाशुल्कावर ३० हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली, कर वेगळा. पण या कायद्याखालील तपासणीचा रोख मुख्यतः आखात व काही आशियाई देशांकडे, आणि तोही दहावी उत्तीर्ण नसलेल्यांपुरता आहे. आखाती देशांत जाणाऱ्या परिचारिकांसाठी २०१५ पासून सरकारी संस्थांमार्फतच भरती, असे बंधन आले. ते योग्यच झाले. मात्र हीच परिचारिका ब्रिटनला निघाली तर ही तपासणी तिला लागू होत नाही. कायद्याचे गृहीतक असे दिसते की शिकलेला माणूस फसत नाही आणि पाश्चात्त्य देशात कोणी फसवीत नाही. शुश्रूषा क्षेत्रातील अनुभवाने ही दोन्ही गृहीतके खोटी ठरविली आहेत. पदवीमुळे माणसाला करार वाचता येतो. तो नाकारण्याची ताकद मात्र पदवी देत नाही, ती खिशातून आणि संघटनेतून येते.

केरळने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. परदेशी नोकरभरतीसाठी त्या राज्याने १९७७ मध्ये स्वतःची संस्था स्थापन केली आणि १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खातेच निर्माण केले. महाराष्ट्रात पैसा सर्वाधिक येतो, पण जाणाऱ्याची चौकशी करणारी तशी जुनी व्यवस्था येथे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात १० हजार जणांना पाठविण्याचे सांगितले. खासगी दलालाऐवजी सरकार मध्ये पडते हे तत्त्वतः स्वागतार्ह आहे. पण सरकारने मुकादमी पत्करली की कामगाराचा प्रश्न आपोआप सुटत नाही. जर्मन भाषेच्या वर्गात वर्ष घालविणाऱ्या तरुणाला नोकरी नक्की मिळणार काय, मिळाली तर ती सोडून त्याच क्षेत्रातील दुसरी धरण्याचा हक्क राहील काय, नोकरी न मिळाल्यास त्याच्या वाया गेलेल्या वर्षाचे काय, या प्रश्नांची उत्तरे करारात लिहिलेली असली पाहिजेत आणि तो करार मराठीत प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वाचावयास मिळाला पाहिजे.

दोन आक्षेप

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला आक्षेप राष्ट्राभिमान्यांचा. गरिबांच्या पैशावर शिकून ही मुले परदेशी जातातच कशाला, इथे रुग्णांना परिचारिका मिळत नाहीत. प्रश्न रास्त आहे, पण तो मुलीला विचारण्याआधी तिच्या मालकाला विचारला पाहिजे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके, असे तीत सुचविले होते. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली आणि बहुतेक ठिकाणी शिफारशी कागदावरच राहिल्या. सरकारी सेवेत जागा रिकाम्या ठेवून कंत्राटी भरती चालू आहे. ज्या समाजाला आपल्या परिचारिकेला सन्मानाचे वेतन देता येत नाही त्याने तिला देशभक्तीचा उपदेश करू नये. जाण्याचा हक्क आणि न जाता सुखाने राहण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच मागणीचे भाग आहेत.

दुसरा आक्षेप तिकडच्या कामगारांचा आहे आणि समाजवाद्यांनी तो अधिक गांभीर्याने घेतला पाहिजे. बाहेरचा स्वस्त कामगार आमचे वेतन पाडतो, असे तेथील कामगार म्हणतो. त्याची भीती खोटी नाही, निदान चुकीच्या ठिकाणी बोट ठेवणारी आहे. वेतन पडते ते परका कामगार आला म्हणून नव्हे, तो बांधलेला आहे म्हणून. ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याला कमी पैशात राबविता येते, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक कामगाराला त्याचे उदाहरण दाखवून धमकावता येते. बाहेरच्या कामगाराला मोकळे केले तर तोही संघटनेत येईल, संपावर जाईल, योग्य दर मागेल. म्हणून परक्याचे बंधन तोडणे हे स्थानिकाच्याही हिताचे आहे. वंशद्वेषाच्या राजकारणाला हेच उत्तर आहे.

माथाडीचा मार्ग

पर्याय कोणता? प्रत्येक देशाला आपल्या सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आहे, हे मान्य करूनच विचार केला पाहिजे. प्रश्न किती माणसे येतात हा नसून आलेली माणसे कोणाच्या ताब्यात असतात हा आहे. याचे उत्तर महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवातून जगाला देता येईल असे आहे. बाजारपेठेतील हमाल पूर्वी व्यापाऱ्याच्या किंवा टोळीवाल्याच्या मर्जीवर जगत होता. त्याच्या दीर्घ लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने हमालाची नोंदणी मंडळाकडे झाली, मालकाचीही मंडळाकडेच झाली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभांसाठी मालकाकडून वर्गणी घेतली जाऊ लागली. काम बदलले, दुकान बदलले, तरी कामगाराचा हक्क त्याच्यापाशीच राहिला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने हे तत्त्व प्रत्यक्षात उतरविले. या कायद्याला आज जे दुबळे करू पाहतात त्यांना विरोध करावा लागतो, हाही त्याच तत्त्वाच्या सामर्थ्याचा पुरावा समजावा.

व्हिसाच्या बाबतीत याचा अर्थ असा की परवाना मालकाच्या नावे नसून क्षेत्राच्या नावे असावा. परिचारिकेला रुग्णसेवेच्या क्षेत्रात, ठरलेल्या मुदतीपर्यंत, कोणत्याही नोंदणीकृत मालकाकडे काम करता यावे. हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनने १९९८ मध्ये परदेशी घरकामगारांना मालक बदलण्याचा हक्क दिला होता, २०१२ मध्ये तो काढून घेतला आणि २०१६ मध्ये अंशतः परत दिला. कॅनडाने २०१९ पासून छळ होत असलेल्या स्थलांतरित कामगाराला खुला परवाना देण्याची सोय केली. जे काही ठिकाणी काही जणांसाठी शक्य आहे ते सर्वत्र सर्वांसाठी मागता येते.

भारत सरकारने ज्या देशांशी व्यापाराचे व मनुष्यबळाचे करार करावयाचे त्यांत मालक बदलण्याच्या हक्काचे आणि मालकाचा परवाना गेल्यास कामगाराला पुरेशी मुदत देण्याचे कलम घालण्याचा आग्रह धरला पाहिजे. भरतीचा खर्च कामगाराने नव्हे तर मालकाने सोसावा, हे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९७ च्या कराराचे तत्त्व कायद्यात आणले पाहिजे. १९८३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा २०२५ मध्ये पुढे आला, त्यात शिक्षित कामगाराला व पाश्चात्त्य देशांना वगळणारी जुनी भोके राहणार नाहीत, हे पाहणे लोकप्रतिनिधींचे काम आहे.

आणि काही काम बार्शीतच करता येण्याजोगे आहे. परिचर्या महाविद्यालयांनी अंतिम वर्षात करार कसा वाचावा, परवानाधारक मालकांची यादी कशी तपासावी, मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक कोठे पाहावा, हे शिकविले पाहिजे. ब्रिटनमधील परवानाधारकांची यादी सार्वजनिक आहे आणि भारतातील नोंदणीकृत मध्यस्थांची यादीही ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. बँकांनी शेत तारण घेताना जितकी कागदपत्रे पाहिली जातात तितक्याच काळजीने नोकरीचे पत्र पाहावे. पक्षाच्या व सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या कामी दिली, तर एखाद्या कुटुंबाची दोन एकर जमीन वाचेल. ती वाचणे हे मोर्च्याइतकेच राजकीय काम आहे.

बार्शीची छोटी गाडी कुर्डुवाडीला पोहोचली की तिच्यातील गाठी उतरवून मोठ्या गाडीत भराव्या लागत, कारण दोन्हींचे रूळ वेगळ्या मापाचे होते. गाठीला त्याचे काही वाटत नसे. कोणत्या डब्यात टाकायचे ते हमाल आणि मालक ठरवीत. या गावाची मुले-मुली गाठी नाहीत. कोणत्या गाडीत बसावे, कोठे उतरावे आणि केव्हा परत फिरावे हे त्यांचे त्यांना ठरविता येईल, तोपर्यंत गोखल्यांनी १९१२ मध्ये हरलेला ठराव पुनःपुन्हा मांडीत राहणे भाग आहे.